दुपारची बाई

नाना,

बागेत कारंजं होणार होतं. तुमच्या कोपऱ्यात. मागच्या फाटकाजवळ, कडुलिंबाखाली, जिथे तुम्ही सगळ्या नोकरीत खुरप्याशिवाय दुसरं हत्यार लागू दिलं नाही, तिथे पुरुषभर खोल खड्डा. आपल्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. सदाफुलीच्या वाफ्यावरून गेलेली पांढऱ्या फक्कीची गोल रेघ, आणि खाली लिहिलेलं, ‘आपलं गाव बदलतंय’. त्याखाली टाळ्या आणि अंगठे. मी जळगावला शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते, घास हातात तसाच राहिला. त्या कोपऱ्यात इतकी वर्षं कुणी पाऊल टाकत नव्हतं ते तुमच्यामुळे, आणि आता तिथे रेघ मारायची हिंमत झाली ती माझ्यामुळे. शिवाय एक गोष्ट आहे, जी तुम्ही कधी सांगितली नाही आणि मी कधी विचारली नाही. त्या रेघेच्या आत माझी मुलगी आहे की नाही, हे मला माहीत नाही.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत, तेही त्याच कोपऱ्यात. मी आठ वर्षांची आहे. उन्हाळ्याची सुट्टी आहे. पालिकेची बाग दुपारी बारा ते चार बंद असते, पण माळ्याची मुलगी म्हणून मला बंद बागेतही हिंडता येतं. मी आंबा खाल्लाय आणि त्याची कोय मला लावायची आहे. कुंपणाच्या कामातून उरलेली एक लोखंडी सळई मला सापडली आहे आणि मी कडुलिंबाखाली जोर लावून खड्डा करतेय. माती तिथली मऊ आहे, आपल्या शेतांसारखी काळी नाही, नदीच्या गाळाची, पिवळसर. सळई चांगली हातभर आत गेली आहे. मागून तुमचा हात येतो, मनगटावर फटका बसतो आणि सळई दूर जाऊन पडते. मी रडायचीही विसरते, कारण तुमचा चेहरा रागावलेला नाही, घाबरलेला आहे. “तठे नही, पोरी. तठे कोय नही, काडी नही, काहीच पुरानं नही.” मी विचारते, “कसाले?” तुम्ही झाडाकडे बघता, मग माझ्याकडे. थोडा वेळ जातो. आज वाटतं, तेवढ्या वेळात तुम्ही ती गोष्ट रचलीत. “तठे बाई ऱ्हास,” तुम्ही म्हणता. तिथे एक बाई राहते.

मग गोष्ट वाढत गेली. ती दुपारीच येते, बाग बंद झाल्यावर. कडुलिंबाखाली पदर पसरून बसते. कुणाला त्रास देत नाही. फक्त एखादं मूल तिच्याजवळ गेलं की विचारते, “तुन्हं नाव काय?” आणि त्याने नाव सांगितलं तर तिला वाटतं ते आपलंच, मग ती सोडत नाही. मी ही गोष्ट जून महिन्यात शाळेत नेली आणि दिवाळीपर्यंत ती गावभर झाली. पाय उलटे कुणी लावले, माहीत नाही, ती भर तुमची नव्हती. माझ्या वर्गातल्या एकीच्या मावशीकडे तिने पाणी मागितलं होतं. एकीचा मामा तिला बघून तीन दिवस तापाने फणफणला होता. पण नावाचा नियम सगळ्यांनी जसाच्या तसा पाळला. चेंडू कोपऱ्यात गेला तर आणायला जाणारा ओठ घट्ट मिटून जायचा, आणि त्याला बाहेरून कुणी हाक मारायची नाही. म्हणून की काय, या पत्रातही मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

खरं काय ते मला बाराव्या वर्षी कळलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सकाळी आपल्या घरी आजी-आजोबांच्या नावाने घागर भरून झाली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून झालं होतं. गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, दारादारांत झोके, गाणी. आईने खापरावरचे मांडे डब्यात घालून मला बागेत पाठवलं. पुढच्या फाटकाला कुलूप होतं. मी वळसा घालून मागे गेले तर ते फाटक नुसतं लोटलेलं. आत सात-आठ बायका बसल्या होत्या. एकमेकींपासून थोडं थोडं अंतर ठेवून, जणू प्रत्येकीची जागा ठरलेली. रडत कुणी नव्हतं. एकजण पदराने वारा घेत होती, एकजण सदाफुलीची वाळकी पानं खुडत होती. प्रत्येकीपुढे भातुकलीतलं वाटावं एवढं मातीचं बोळकं, पाण्याने भरलेलं. मी फाटकातच थिजले. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, जिनिंगच्या कारखान्यात कापूस उचलून दंड दोरासारखे झालेली, माझ्याकडे बघून हसली. “हाई कोन? नानानी पोर का? आठे बठ. पोळी आनी का आम्हले?” मी डबा छातीशी धरून मागे सरले. तेव्हा ती आणखीच हसली, “माले देखीसन घाबरनी का वं? मीच शे ती बाई!” आणि सगळ्याजणी हसल्या. मांडे त्यांनी खाल्ले, नाना. तुमच्यासाठी दोन ठेवले.

त्या गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत. दात न आलेली पोरं गेली तर त्यांना जाळत नाहीत, पुरतात. बाग व्हायच्या आधी, पालिकेची भिंतही नव्हती तेव्हा, नदीकाठची ही जागा त्यासाठीच होती. पुरुष नेत, मीठ घालत, माती लोटत, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीचे काटे ठेवत. खूण करत नसत. बायकांनी यायचं नसे, विचारायचं नसे. मग जागा नदीपलीकडे हलली, इथे भिंत आली, घसरगुंडी आली, तुम्ही नोकरीला लागलात. पहिल्याच वर्षी गुलाबाचे खड्डे घेताना तुमच्या हाताला काय लागलं ते तुम्ही सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात, की खड्डा बुजवला आणि सदाफुली पेरली, तिची मुळं खोल जात नाहीत. आखाजीला घरातल्या सगळ्या गेलेल्यांना घागर मिळते. तान्ह्यांना मिळत नाही, कारण ज्याच्या नावाने भरायची ते नावच ठेवलेलं नसतं. एका आखाजीला ती जिनिंगवाली भिंतीबाहेर बोळकं घेऊन उभी दिसली, आणि तुम्ही मागचं फाटक उघडलंत. पुढच्या वर्षी त्या तिघी झाल्या.

“म्हणजे बाई खोटी?” मी विचारलं. माझी फसवणूक झाली असं मला वाटत होतं. चार वर्षं मी ती गोष्ट सांगत फिरले होते. तुम्ही झारीतून वाफ्याला पाणी घालत होतात, पाइप तुम्ही तिथे कधी लावला नाही. “बाई खरीच शे,” तुम्ही म्हणालात. “फक्त मरेल नही.” मेलेली नाही, एवढंच. मी आणखी विचारलं, “आपलं कुणी आहे का तिथे?” तुमची झारी थांबली नाही. “बठ्ठा आपलाच शेतस.” सगळे आपलेच आहेत.

नंतर मी शिकले. तुम्हीच शिकवलंत. विज्ञानाची पदवी घेतली, बी.एड. केलं, लग्न करून मला जळगावला दिलंत, तिथे शाळेत लागले. चोविसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. ती चार दिवस होती. चौथ्या दिवशी सकाळी आईने आपलं सगळ्यांत मऊ लुगडं फाडलं, तेव्हा मला कळलं. मी खाटेवरून बघत होते. तुम्ही खुरपं घेतलंत, मिठाची पुडी घेतलीत, आणि जाता जाता कोपऱ्यातली झारी उचललीत. झारी तुम्ही रोज घरी आणत असा, बागेतून ती दोनदा चोरीला गेली होती. अशा मुलांना तेव्हा नदीपलीकडे नेत, हे मला ठाऊक होतं. तिथे झाड नाही, वाफा नाही. तिथे जाणारा माणूस झारी कशाला नेईल? पण हे सगळं मला फार नंतर सुचलं. तुम्ही परत आलात ते दुपारी एकला. टाचांना पिवळसर माती होती. नदीपलीकडची मातीही तशीच आहे, म्हणजे त्यावरून काही सिद्ध होत नाही. मी मुलांना रोज शिकवते की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, “पुरुषांनी नेलं. बायांनी विचारायचं नसतं.” तुम्हाला मी विचारलंच नाही. मला वाटत होतं तुम्ही आपणहून सांगाल. तुम्हाला बहुतेक वाटत होतं, मी विचारीन.

पण तुम्ही एक केलंत. पुढच्या आखाजीला मी माहेरी आले होते. सकाळी टोपी घालता घालता, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, “दुपारी बागमा ये. मांगलं फाटक उघडं ऱ्हाई.” आणि मी म्हणाले, “मी त्या बायकांतली नाही, नाना.” हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल. त्यात काय काय होतं? शिकल्याचा ताठा होता, ती बोळकी हास्यास्पद वाटत होती, आणि त्या सगळ्याच्या खाली हे होतं की मी गेले तर ते खरं होईल. तुम्ही “बरं” म्हणालात आणि गेलात. त्यानंतर दर आखाजीला तुम्ही तेच सांगत राहिलात. मी जळगावलाच राहिले त्या वर्षी फोनवरून सांगितलंत. निवृत्त झाल्यावरही सांगितलंत, कारण मागच्या फाटकाची किल्ली तुमच्याच करगोट्याला होती. शेवटच्या वर्षी तुमचा आवाज इतका बारीक झाला होता, की मी दोनदा “काय?” विचारलं. तुम्ही दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलंत. मी म्हणाले, “बघते.” आणि पेपर तपासायला बसले.

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षांनी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीने अंधश्रद्धेवर लेख मागितला. मी बागेतल्या भुतावर लिहिला. लिहिलं, की माझ्या सातवी शिकलेल्या वडिलांनी फुलांचे वाफे तुडवले जाऊ नयेत म्हणून हे भूत रचलं, ते पसरवलं मी, आणि आज मीच ते मागे घेते. लेख गमतीदार होता. लोकांना आवडला. गावातल्या शाळेत प्रार्थनेनंतर वाचून दाखवला म्हणे. बायकांचं मी त्यात काही लिहिलं नाही. ती त्यांची खासगी गोष्ट आहे असं मी स्वतःला समजावलं. पण ती किल्ली तुमच्यानंतर कुणाकडे गेली, फाटक आखाजीला उघडतं का, हे विचारायला मी एक फोनसुद्धा केला नव्हता. लेख अंधश्रद्धेवर होता असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी तुमच्यावर रागावले होते. तुम्ही न सांगताच गेलात. माझ्या हाताशी तुमचं फक्त ते एक गुपित होतं, ते मी फोडलं. त्यानंतर मुलं कोपऱ्यात जाऊन फोटो काढू लागली, एकमेकांची नावं घेऊन ओरडू लागली. मग तिथे बाकडं आलं. बाकड्यानंतर कारंज्याची रेघ.

फोटो बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळच्या धुळे गाडीने आले. अकराच्या सुमारास बागेत पोचले. चार मजूर, दोन बाया, सातपुड्याकडची माणसं, त्यांना गावाच्या गोष्टी ठाऊक असायचं कारण नव्हतं. टिकाव-फावडी कडुलिंबाला टेकून ठेवलेली, भाकरीची फडकी सोडलेली. पालिकेचा इंजिनिअर आपल्याच गावचा, तिशीच्या आतला मुलगा. त्याने मला ओळखलं. “मॅडम, तुमचा लेख मी डिप्लोमाला असताना वाचला होता. आईलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, जिने लिहिलंय तिला काही माहीत नाही.” मी म्हटलं, “बरोबर म्हणाली.” आणि मग उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. आधीची जागा, मीठ, दगड, बोळकी. माझ्या मुलीच्या चार दिवसांपर्यंत मी आले आणि तिथे थांबले. तो ऐकता ऐकता खाली बघत होता. आपण रेघेच्या आत उभे आहोत हे लक्षात येऊन तो हळूच एक पाऊल मागे सरला.

“पटतंय मला,” तो म्हणाला. “पण साहेबांना काय दाखवू? नकाशावर ही मोकळी जागा आहे. कागद लागतो, मॅडम.”

“त्यांचे कागद नसतात रे. नावंच नाहीत, तर कागद कुठून?”

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मजुरांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “एक कारण चालतं. मजूर खणायला तयार नाहीत. मागे एका वारुळापायी आम्ही अख्खी गटार वळवली होती, कुणी हातच लावेना.” मग म्हणाला, “तुमच्या नानांची ती गोष्ट आहे ना, ती जरा मोठ्याने सांगा. त्यांना ऐकू जाईल अशी.”

“मी? मी विज्ञान शिकवते.”

“म्हणूनच तुम्ही सांगा. मी सांगितली तर सस्पेंड करतील.”

सांगितली, नाना. नऊ वर्षांपूर्वी मागे घेतलेली गोष्ट भर दुपारी, भाकरी खाणाऱ्या माणसांपुढे उभी राहून सांगितली. उलटे पाय नाही सांगितले. पदर सांगितला, नाव विचारणं सांगितलं. मजुरांपैकी एक तरणा पोरगा हसायला लागला होता, त्याला शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं. तिने माझ्याकडे रोखून बघत विचारलं, “तुम्ही पाह्यली का ती बाई, का ऐकीव?”

सगळे माझ्याकडे बघत होते, इंजिनिअरसुद्धा. “पाहिली,” मी म्हणाले. “बारा वर्षांची होते. इथे, अशी, बसली होती. माझ्याकडे बघून हसली. माझ्याजवळ पोळी मागितली.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी माझा आवाज थरथरला, आणि त्या थरथरण्याने काम केलं. त्या बाईने भाकरी फडक्यात बांधली, उठली, कडुलिंबाला टेकवलेला टिकाव उचलून बाहेर वाटेवर नेऊन ठेवला. मग वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. “आम्ही नाही खंदत इथं,” ती इंजिनिअरला म्हणाली. “दुसरी जागा दाखवा नाहीतर दुसरे मजूर बघा.” त्याने चेहरा शक्य तितका त्रासलेला केला. फोन लावून साहेबांशी बोलला. पुढच्या फाटकाजवळ कारंजं केलं तर रस्त्यावरूनही दिसेल, असं त्याने इतक्या कळकळीने पटवलं, की मला हसू आलं. फोन ठेवून तो परत आला आणि बुटाने फक्कीची रेघ पुसायला लागला. “आई म्हणायची, इथे नाव सांगायचं नाही,” तो म्हणाला. “म्हणून मी मघाशी तुम्हाला सांगितलं नाही. राग मानू नका.” मागच्या फाटकाची किल्ली कुठे मिळेल, ते मी त्याला विचारलं. तो म्हणाला, कुलूप गंजलंय, पण आखाजीच्या आत नवं बसवतो, एक किल्ली तुम्हाला.

ते सगळे नवी जागा आखायला पुढे गेले. बारा वाजले, बाग बंद झाली, मी आतच राहिले. तुमच्या वाफ्यात सदाफुली अजून आहे, पाणी घालणारं कुणी नसताना आपली आपण उगवलेली. मी बाकड्यावर बसले नाही. खाली बसले, त्या जिनिंगवालीची जागा साधारण कुठे होती ते आठवून, तिच्या बाजूला थोडं अंतर सोडून. बोळकं आणलं नव्हतं, बाटलीतलं पाणी मुळाशी ओतलं. थोड्या वेळाने भिंतीवर तीन डोकी दिसली. शाळा चुकवून आलेली असतील. ती माझ्याकडे बघत राहिली, मी त्यांच्याकडे. एक शिक्षिका म्हणून मी त्यांना हाक मारायला हवी होती, वर्ग विचारायला हवा होता. मी पदर डोक्यावरून जरा पुढे ओढला. “बाईऽ!” असा एकच ओरडा झाला आणि धपाधप पावलं पार नदीकडे गेली. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. मला वाटतं पुढची पंचवीसेक वर्षं तरी तिथे कुणी काही खणणार नाही.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठे? त्या कोपऱ्यात ठेवावं असं एकदा मनात आलं, पण तिथे काहीच पुरायचं नाही हे तुम्ही मला एका फटक्यात शिकवलं आहे. तुमची झारी माझ्याकडे गॅलरीत असते, बूड गेलेली, आता पाणी धरत नाही. हे कागद गुंडाळून तिच्यात ठेवीन.

एक तेवढं सांगायचं राहिलं. मुलं पळून गेल्यावर बाग अगदी शांत झाली. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी मातीवर हात ठेवला आणि माझं नाव सांगितलं, पूर्ण, तुमच्या नावासकट. मग उठले नाही लगेच. थोडा वेळ वाट बघितली.